घरातलं पाणी नेमकं जातं कुठे, ते आधी शोधा

प्रश्न असा आहे : "आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका सोसायटीत राहतो. घरात चौघं जण. आम्ही दोघं, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सासूबाई. मार्च उजाडला की नळाचं पाणी कमी दाबाने येतं आणि सोसायटीला टँकर घ्यावे लागतात. मेंटेनन्स वाढतो, मीटिंगमध्ये भांडणं होतात. सगळे म्हणतात पाणी जपून वापरा. पण म्हणजे रोज करायचं काय? मोठा खर्च नको आणि या वयात सासूबाईंची ओढाताणही नको."

ताई, मी नाशकात इमारतींच्या पाण्याच्या लाइनी, टाक्या, पंप यांचं काम बरीच वर्षं करतो आहे. तुमच्यासारखाच प्रश्न दर उन्हाळ्यात कानावर येतो, आणि घरोघरी त्याचं उत्तर सहसा घरातल्या बायकांवर येऊन पडतं. कमी पाण्यात भांडी घासा, कमी पाण्यात अंघोळ करा, मुलीला ओरडा. माझा अनुभव वेगळा आहे. बहुतेक घरांत सगळ्यात जास्त पाणी वाया जातं ते कोणी वापरत नसताना, किंवा नळाचा दाब गरजेपेक्षा जास्त असल्यामुळे. ते आधी बंद करा. मग माणसांच्या सवयींकडे वळायची फारशी गरजच राहत नाही, आणि सासूबाईंना तर काहीच बदलावं लागत नाही.

आधी हिशेब मांडू. शहरांच्या पाणीपुरवठ्याची आखणी माणशी दिवसाला १३५ लिटर धरून करतात. चौघांचे झाले ५४० लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे तुमच्यासारख्या अठरा घरांचं एका दिवसाचं पाणी. हा आकडा डोक्यात असला की पुढचे आकडे कळतात. फ्लॅटला स्वतंत्र मीटर नसेल तर आपण नेमकं किती वापरतो हे कोणालाच ठाऊक नसतं. मीटिंगमधली निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

सुरुवात संडासातल्या फ्लशच्या टाकीपासून करा. का, ते सांगतो. स्वयंपाकघरातला नळ ठिबकला तर आवाज येतो, कोणीतरी उठून बंद करतं. फ्लशच्या टाकीतलं पाणी गळतं ते पॅनच्या मागच्या भिंतीवरून, आवाज न करता, रात्रंदिवस. वरून टाकी भरत राहते, खालून रिकामी होत राहते. समजा त्या बारीक धारेने एक लिटरची बाटली भरायला पाच मिनिटं लागतात. अशी धार पॅनमध्ये सहज लक्षातही येत नाही. पण तासाला बारा लिटर गेले, दिवसाला २८८. तुमच्या घराच्या ५४० लिटरमधले निम्म्याहून जास्त, कोणी बोटही न भिजवता.

तपासणं अगदी सोपं आहे. रात्री सगळे झोपायला गेले की फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून आत खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका. जिलेबीचा रंग चालेल. रात्रीतून कोणी फ्लश करू नये असं सांगून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने, नाहीतर थेट सकाळी, पॅनमध्ये बघा. पाण्याला रंग चढला असेल तर टाकी गळते आहे. घरात खाण्याचा रंग नसेल तर दुसरा उपाय : पॅनची मागची भिंत कोरडी पुसून तिथे पांढरा टिश्यू पेपर चिकटवा. दहा मिनिटांत ओला झाला तर शंका राहत नाही. टाकी भिंतीच्या आत असेल, तर फ्लशचं बटण असलेली पट्टी पुढे ओढून निघते. आत हात घालण्याआधी ती कशी बसवली आहे ते नीट पाहून घ्या.

गळतीची कारणं दोन-तीनच असतात. एक म्हणजे तळाचा रबरी वॉशर. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षाराचा पांढरा थर चढतो आणि तो घट्ट बसत नाही. वॉशर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. रबर कडक झालं असेल तर नवीन टाका, किरकोळ पैशांत मिळतं. दुसरं कारण फ्लोट, म्हणजे टाकी भरली की तरंगून पाणी बंद करणारा भाग, फार वर बसवलेला असणं. टाकीच्या मधोमध उभी नळी असते, जास्त झालेलं पाणी तिच्यातून पॅनमध्ये उतरतं. पाण्याची पातळी या नळीच्या तोंडापेक्षा बोट-दीड बोट खाली थांबली पाहिजे. तोंडाशी टेकली असेल तर फ्लोटचा स्क्रू फिरवून तो खाली घ्या. प्लंबर बोलवायचीही गरज नाही. तिसरं कारण, बटण अडकून बसणं. तेल-पाणी करून बघा, नाहीतर आतला सुटा भाग बदला.

गळती थांबली की एका फ्लशला किती पाणी जातं ते बघा. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर सोडतात. दोन बटणांच्या नवीन टाक्या मोठ्या बटणाला सहा आणि लहानाला तीन लिटरच्या आसपास सोडतात. चौघं जण, प्रत्येकी दिवसात पाच वेळा, म्हणजे वीस फ्लश. दहा लिटरच्या टाकीने झाले २०० लिटर. दोन बटणांच्या टाकीत एकदा मोठं आणि चारदा लहान बटण धरलं तर चौघांचे ७२ लिटर. टाकी नवी घ्यायची नसेल तर लिटरभराची प्लास्टिकची बाटली वाळू किंवा गोट्यांनी भरा, झाकण घट्ट लावा आणि टाकीच्या कोपऱ्यात, फ्लोटला अडणार नाही अशी ठेवा. प्रत्येक फ्लशला एक लिटर वाचेल. वीट मात्र ठेवू नका. ती हळूहळू झिजते, तिचा चुरा वॉशरखाली जातो आणि टाकी गळायला लागते. दोन-तीन बाटल्या कोंबायचा मोहही टाळा. पाणी फार कमी पडलं तर दोनदा फ्लश करावं लागतं, आणि आडव्या ड्रेनेज पाइपात मैला अडकला तर तो काढायला वाचवलं त्याच्या कितीतरी पट पाणी जातं.

आता नळ. हातात लिटरची बाटली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या, बेसिनचा नळ रोज जितका उघडता तितकाच उघडा आणि बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच सेकंदांत भरली तर नळ मिनिटाला बारा लिटर सोडतो आहे. तोंड धुवायला, दात घासायला, हात धुवायला याच्या पाव पाणी पुरतं. पंधरा ते वीस सेकंदांत बाटली भरेल इतकी धार बेसिनला ठेवा.

हे करायला पैसे लागत नाहीत. बेसिनच्या खाली भिंतीतून बाहेर आलेला एक छोटा कॉक असतो, आम्ही त्याला अँगल कॉक म्हणतो. बहुतेक घरांत तो बिल्डरने पूर्ण उघडून दिलेला असतो आणि नंतर त्याला कोणी हात लावलेला नसतो. तो अर्धा बंद करा. वरचा नळ कोणी कितीही उघडला तरी खालून तेवढंच पाणी येईल. घरातल्या कोणाला काही सांगावं लागत नाही, कोणाच्या सवयीवर बोट ठेवावं लागत नाही. लिटरची बाटली पुन्हा लावून सेकंद मोजा आणि हवं तिथे आणून ठेवा. कॉक फार जुना असेल तर जोर लावू नका. जाम झालेला कॉक तुटला तर सगळ्या इमारतीचं पाणी बंद करावं लागतं. वॉशिंग मशीनच्या आणि गिझरच्या कॉकला हे करू नका, त्यांना दाब लागतो.

नळाच्या तोंडाला बसणारी जाळी, तिला दुकानदार एरेटर म्हणतात, तीही शे-दोनशे रुपयांत मिळते. पाण्यात हवा मिसळल्यामुळे धार भरघोस वाटते आणि पाणी कमी जातं. एवढंच की आपल्याकडे टँकरच्या पाण्यातून बारीक रेती येते आणि जाळी तुंबते. मग लोक ती काढून फेकून देतात. महिन्या-दोन महिन्यांनी आटे फिरवून काढा, उलटी धरून ब्रशने घासा, परत लावा.

तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते लिहिलेलं नाही, पण त्याने फरक पडतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एका किलोने वाढतो. त्यामुळे खालच्या मजल्यावर तोच नळ तितकाच उघडला तरी जास्त पाणी येतं, आणि सर्वात वरच्या मजल्यावरच्या लोकांना शॉवरला दाबच मिळत नाही. खालच्या मजल्यांवरचे लोक उधळे असतात असं नाही. त्यांचे अँगल कॉक तपासायला सांगा, इमारत उंच असेल तर उभ्या लाइनीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

अंघोळीबद्दल थोडक्यात. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. आठ मिनिटं उभं राहिलं तर ऐंशी लिटरपर्यंत. बादली पंधरा-वीस लिटरची. सासूबाई बहुधा स्टुलावर बसून बादली आणि तांब्याने अंघोळ करत असतील. तसं असेल तर घरात सगळ्यात कमी पाणी त्याच वापरतात, त्यांना काहीही सांगू नका. मुलीला शॉवर हवाच असेल तर भांडण न करता शॉवरचं तोंड कमी पाण्याचं बसवा आणि साबण लावताना शॉवर बंद करायला सांगा. नाशकात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा खाली येतो तेव्हा गरम पाण्याखाली रेंगाळणं सगळ्यांचंच होतं. तेव्हा एक करा : गिझरपासून नळापर्यंतच्या पाइपातलं थंड पाणी आधी बादलीत घ्या. दहा मीटर पाइपात दीड-दोन लिटर असतं, गिझर तापेपर्यंत आणखी जातं. ती बादली संडासात किंवा फरशी पुसायला.

स्वयंपाकघरात मात्र जरा थांबायला हवं, कारण तिथे एक गोष्ट आपण विकत आणून ठेवली आहे : आरओचं मशीन. साधं घरगुती आरओ एक लिटर पिण्याचं पाणी देताना दोन ते तीन लिटर बाहेर टाकतं. चौघांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला बारा लिटर धरा, म्हणजे रोज चोवीस ते छत्तीस लिटर त्या बारीक पांढऱ्या नळीतून सिंकमध्ये.

पहिला प्रश्न, आरओ लागतं का? ते पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांवर अवलंबून आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये अशा अर्थाचा आदेश दिला होता. आपल्या महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे, दारणा या धरणांतून येतं. हे पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं आहे, त्यात क्षार मुळात कमी. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. सोसायटीने एक घेतलं तरी सगळ्यांना पुरेल. नळाचं पाणी, टँकरचं पाणी आणि बोअरचं पाणी वेगवेगळं मोजा. नळाचं पाणी ५०० च्या बरंच खाली आलं तर पाणी गाळून अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा युव्ही फिल्टर पुरतो आणि तो पाणी फेकत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळत असेल आणि आकडा खूप वर जात असेल तर आरओ ठेवा. टीडीएसवरून जंतूंचं काही कळत नाही हे मात्र लक्षात असू द्या. कमी आकडा म्हणजे न उकळता, न गाळता प्यायचं असं नव्हे.

आरओ ठेवलंच असेल तर ती नळी सिंकमधून काढून वीस लिटरच्या कॅनमध्ये सोडा. नळी बंद करू नका, आतली जाळी खराब होते. कॅनमधलं पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला, भांड्यांचा पहिला हात मारायला उत्तम. कुंड्यांना रोज रोज तेच घालू नका, मातीत क्षार साठून पानांच्या कडा करपतात. मूळच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर गाडीही त्याने धुऊ नका, काचेवर डाग राहतात.

भांड्यांबद्दल बहुतेक ठिकाणी कामाला येणाऱ्या मावशींना बोल लावला जातो, ते मला पटत नाही. त्यांना चार घरं उरकायची असतात. नळ धो-धो असेल तर पाणी जाणारच. धार तुम्ही कमी करून द्या, खरकटं ताटातून आधी काढून ठेवा आणि एका घमेल्यात भांडी भिजत घालून ठेवा. वाळलेली कढई घासायला जितकं पाणी जातं त्याच्या निम्म्यात भिजलेली निघते, मावशींचे हातही कमी दुखतात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला. पालेभाजी, द्राक्षं नळाखाली धरून धुण्यापेक्षा पातेल्यात बुडवून दोन पाण्यांतून काढली की माती निघते आणि पाणीही कमी लागतं.

आता एक गोष्ट, जी कोणी पाणी वाचवण्याच्या यादीत लिहीत नाही. सकाळी नळाला पाणी आलं की कालचं भरून ठेवलेलं पिंप, हंडा, कळशी मोरीत ओतायची आणि ताजं भरायचं. जुन्या नाशकात, पंचवटीत, सिडकोतल्या छोट्या घरांत आणि फ्लॅटमध्ये आलेल्या मोठ्या माणसांकडूनही हे रोज होतं. घरात पिण्याच्या पाण्याची तीन-चार भांडी असतील तर रोज तीस-चाळीस लिटर चांगलं, शुद्ध केलेलं पाणी असंच जातं. भांडं स्वच्छ असेल, झाकण घट्ट असेल आणि पाणी हात न बुडवता ओगराळ्याने किंवा तोटीने घेतलं जात असेल, तर ते एका रात्रीत खराब होत नाही. गच्चीवरच्या टाकीतून आपण जे पाणी पितो तेही काल-परवाचंच असतं. खराब होतं ते बोटांमुळे आणि उघड्या तोंडामुळे. सासूबाईंच्या मनाला ते पटत नसेल तर वाद घालू नका. कालचं पाणी ओतायचंच असेल तर ते मोरीऐवजी बादलीत ओतू द्या. त्याने फरशी पुसली जाईल, मशीनला लागेल. त्यांचा नेम राहील आणि पाणीही राहील.

याला जोडूनच, पाणी साठवायचं तर डासांचं भान ठेवायलाच हवं. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंपं, बादल्या, कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून कोरड्या पुसा. त्या दिवशीचं पाणी धुण्याला किंवा फरशीला काढा. झाकण नसलेलं पाणी पाच-सहा दिवसांहून जास्त घरात राहू देऊ नका. पाण्याच्या टंचाईत घरोघरी भांडी भरून ठेवली जातात आणि पावसाळ्यात डेंग्यूने पोरं आजारी पडतात, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की या बाबतीत मला कुठलीही सवलत द्यावीशी वाटत नाही.

वॉशिंग मशीन भरल्याशिवाय लावू नका. वरून कपडे टाकायची मशीन एका धुण्याला शंभर-दीडशे लिटर घेते, पुढून दार असलेली पन्नास-साठच्या आसपास. चांगली चालणारी मशीन केवळ पाण्यासाठी बदलू नका. जेव्हा बदलाल तेव्हा हे लक्षात ठेवा. शेवटच्या खळबळलेल्या पाण्याची नळी टबात सोडली तर बाल्कनी आणि संडास दोन्हींचं काम होतं.

झाडांना पाणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, आणि बुंध्याशी. आपल्या जिल्ह्यातले द्राक्षवाले ठिबकवर बाग काढतात ते याच कारणाने : पाणी मुळाला मिळालं पाहिजे, मातीला नव्हे. कुंडीत वर सुक्या पाल्याचा दोन बोटं थर द्या. बोट मातीत खुपसून ओल लागली तर त्या दिवशी पाणी नकोच. गाडीसाठी एक बादली आणि फडकं, पाइप नको.

काय करू नका, तेही सांगतो. पिण्याचं पाणी कमी करू नका, विशेषतः सासूबाईंचं. वयस्कर माणसांना उन्हाळ्यातही तहान कमी जाणवते, आणि पाणी वाचवायचं म्हणून त्या आणखी कमी प्यायल्या तर ते थेट अंगावर येतं. माणूस दिवसाला पितो दोन-तीन लिटर, तिथे वाचवण्यासारखं काही नाही. संडासातून आल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुणंही कमी करायचं नाही. पाहुण्याला अर्धा पेला देण्याची पद्धत मला चांगली वाटते, उरलेलं ओतावं लागत नाही. पण त्याने टँकर कमी होत नाहीत.

तुमचा खरा प्रश्न टँकरचा आहे आणि तो एका फ्लॅटमध्ये सुटत नाही. इथे मी जरा मागे जातो. गंगापूर धरण गोदावरीवर, शहराच्या वरच्या अंगाला. पण त्या पाण्यावर हक्क आपला एकट्याचा नाही. खाली सिंचन आहे, गावं आहेत आणि पैठणला जायकवाडी आहे. खोऱ्यात पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं म्हणून २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार आहे, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय येतोच. ऑक्टोबरला ठरलेलं पाणी आपल्याला पुढचा पावसाळा सुरू होऊन धरणात नवं पाणी येईपर्यंत पुरवायचं असतं. त्र्यंबक-इगतपुरीत पाऊस कोसळतो आणि सिन्नर-येवल्याला मे महिन्यात टँकर फिरतात, हे एकाच जिल्ह्यातलं चित्र आहे. तुम्ही घरात वाचवलेल्या शंभर लिटरने धरण भरत नाही, हे खरं. पण टँकरचं पाणीही बहुधा कुठल्यातरी गावाच्या शिवारातल्या विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेलं असतं. तुमच्या सोसायटीचा एक टँकर कमी झाला तर ते पाणी त्या शिवारात राहतं. मला हे महत्त्वाचं वाटतं.

तर सोसायटीत काय? सगळ्यात आधी जमिनीखालच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप शोधा. महापालिकेचं पाणी पहाटे किंवा रात्री सुटतं, खालची टाकी भरते आणि फ्लोट व्हॉल्व्ह निकामी असेल तर वरचं पाणी या पाइपातून निघून जातं. पुष्कळ इमारतींत हा पाइप बांधतानाच थेट गटारीच्या चेंबरला जोडलेला असतो, म्हणून पाणी वाहताना कोणाला दिसतच नाही. मार्चमध्ये टँकर घेणाऱ्या सोसायटीचं नळाचं पाणी पहाटे गटारीला जातं आहे, हे चेंबरचं झाकण उघडून दाखवल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. या पाइपाचं तोंड वॉचमनला दिसेल अशा जागी, उघड्यावर आणून ठेवा, त्याला जाळी लावा. पाणी पडताना दिसलं की कोणीतरी धावत जाईल. फ्लोट व्हॉल्व्ह पितळी घ्या, स्वस्तातला प्लास्टिकचा वर्षभरातच वाकतो.

गच्चीवरच्या टाकीचंही तसंच. मोटर चालू करून वॉचमन गेटवर जातो आणि टाकी भरून वाहते. पाण्याची पातळी बघून मोटर आपोआप बंद करणारा कंट्रोलर काही हजारांत बसतो, आणि वाचलेल्या टँकरांत त्याची किंमत लवकर निघते. त्याचे सेन्सर मात्र सहा महिन्यांनी पुसावे लागतात, नाहीतर क्षार चढून ते चुकीचं सांगतात.

बोअर आणखी खोल मारायचा विषय मीटिंगमध्ये निघेलच. नाशिकची जमीन काळ्या कातळाची आहे. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि कातळाच्या भेगांमध्ये. नुसतं खोल गेल्याने भेग लागेलच असं नाही, आणि लागली तरी शेजारच्या सोसायटीचंच पाणी ओढलं जातं. त्यापेक्षा आहे त्या बोअरला पावसाचं पाणी द्या. हिशेब सोपा : एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची ३०० चौरस मीटर आणि हंगामाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी १ लाख ४४ हजार लिटर. चौदा टँकर. जमिनीत घातलेलं सगळंच तुमच्या बोअरला परत मिळत नाही, कातळात त्याची वाट तो कातळच ठरवतो. तरी उन्हाळ्यात बोअर जितके दिवस जास्त चालेल तितके टँकर कमी. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, गच्ची मे अखेरीस झाडून धुवायची, आणि पाणी थेट बोअरच्या तोंडात न सोडता बाजूच्या खड्ड्यातून, खडी-वाळूच्या थरांतून गाळून द्यायचं. पार्किंगचं, तेल-माती मिसळलेलं पाणी त्यात कधीही वळवू नका. एकदा बोअर घाण झाली की ती साफ करणं फार अवघड असतं.

मीटिंगला जाण्याआधी मात्र एक रात्र राखून ठेवा. साडेअकराला मोटर बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याची रेघ खडूने मारा, पहाटे चारला पुन्हा बघा. टाकीचा तळ दोन मीटर बाय तीन मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. त्या साडेचार तासांत वापर अगदी कमी असतो. दोन-तीन सेंटिमीटर उतरलं तर ठीक. आठ-दहा सेंटिमीटर उतरलं असेल तर पाचशे-सहाशे लिटर कुठेतरी गळतं आहे, आणि ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी फ्लशच्या टाकीतून. खालच्या टाकीचीही अशीच परीक्षा घ्या, मोटर आणि नळाची लाइन दोन्ही बंद ठेवून. तिथे रात्रीतून रेघ खाली आली तर टाकीलाच भेग आहे. हे आकडे सूचना फलकावर लावा आणि खाण्याच्या रंगाच्या चार बाटल्या विकत आणून प्रत्येक मजल्यावर एक फिरवा. कोणाचं घर किती पाणी वापरतं यावर वाद घालण्याआधी सगळ्यांच्या फ्लशच्या टाक्या एकाच आठवड्यात तपासून होऊ द्या. त्यानंतर पुन्हा एका रात्री रेघ मारून बघा आणि टँकरची पुढची ऑर्डर त्या आकड्यावरून द्या.